मांजर कोणाच्या हाती ठेवावे?



या व्याख्यानमालेच्या पत्रिकेत आमच्या नावापुढे आजचा विषय छापलेला पाहून आमच्या काही सहकाऱ्यांना छापखान्याची चूक झाली असावी असे वाटले. कामगार संघटनेच्या माणसाने वेतनावर बोलावे, कंत्राटी पद्धतीवर बोलावे. मांजरांच्या पाळणाघराशी त्याचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो आम्हांला थोडी किंमत देऊनच कळला. म्हणून हा विषय आम्ही मागून घेतला.

पूर्वी वाड्यात मांजर कोणा एकाचे नसे. एक बिऱ्हाड गावाला गेले तर दुसऱ्या बिऱ्हाडाच्या चुलीपाशी ते जाऊन बसे. आज आपण सदनिकांत राहतो, खिडक्यांना जाळ्या लावतो आणि मांजराला जन्मभर दोन खोल्यांत वाढवतो. मे महिन्याची सुट्टी लागली, लग्नकार्य निघाले, की प्रश्न उभा राहतो, आता हिला कोठे ठेवावे? या गरजेतून शहरोशहरी पाळणाघरे निघाली आहेत. पाटीवर ‘कॅट बोर्डिंग’ असे लिहिलेले असते. सोय चांगली आहे. तिची टिंगल करण्याचे कारण नाही. ती निवडावी कशी, एवढाच आजचा प्रश्न.

आमच्या घरी मनी नावाची एक गुबगुबीत मांजरी आहे. दोन वर्षांपूर्वी पुतणीच्या लग्नासाठी आम्हांला आठ दिवस परगावी जावे लागले. पाळणाघर पाहावयास आम्ही स्वतः गेलो. पुढची खोली थंडगार, भिंतीवर मांजरांची रंगीत चित्रे, मालक गोड बोलणारे. मागे जाऊन पिंजरे पाहावेत असे मनात आले, पण ‘आत गेल्याने मांजरे बुजतात’ असे सांगण्यात आले आणि आम्ही ते मानले. आठही दिवस मोबाइलवर चलचित्र येत असे. मनी पिंजऱ्याच्या कोपऱ्यात अंग चोरून बसलेली दिसे. ‘किती शांत आहे!’ असे आम्ही मांडवात चार लोकांना दाखवीत होतो.

परत आलो तेव्हा मनीच्या कानांच्या आतली कातडी पिवळी पडली होती आणि तिला उभे राहवत नव्हते. डॉक्टरांनी तपासून सांगितले, ही कित्येक दिवस जेवलेली नाही. मांजराने, विशेषतः लठ्ठ मांजराने, काही दिवस अन्न टाकले की अंगातील चरबी यकृताकडे धावते, तेथे साचते आणि यकृताचे काम बंद पाडते. पुढे तीन आठवडे नळीवाटे अन्न घालून मनी वाचली.

पाळणाघरात जाब विचारावयास गेलो. मालकांनी आवाज चढवला. बाहेर पडलो तेव्हा गल्लीच्या तोंडाशी तेथला झाडलोट करणारा, विशीतला पोरगा आमची वाट पाहत उभा होता. तो म्हणाला, “काका, तुमची मनी पहिल्या दिवसापासून जेवलीच नाही. वाटी जशीच्या तशी परत यायची. मी शेठना सांगितलं, तर म्हणाले, रुळेल दोन दिवसांत.” आम्ही विचारले, “मग आम्हांला फोन का नाही केलास?” तो म्हणाला, “तुमचा नंबर ऑफिसात असतो, काका. आणि परस्पर फोन केला तर उद्या मला कामावर कोण ठेवणार?”

बंधुभगिनींनो, हे वाक्य आम्ही कारखान्यांच्या दारांत आयुष्यभर ऐकत आलो आहोत. यंत्र बिघडत चालले आहे हे सर्वांत आधी यंत्रावरच्या माणसाला कळते, आणि बोलण्याची चोरी सर्वांत जास्त त्यालाच असते. जेथे जाऊ तेथे मागच्या दाराने आत शिरून काम कसे चालते ते पाहावयाचे, हा आमचा धंदा. आणि स्वतःच्या मांजराच्या वेळी मात्र आम्ही पुढच्या खोलीतील थंड हवेला भुललो. चूक मालकांची होती तशी आमचीही होती.

त्यानंतर आम्ही या विषयाचे मिळेल ते वाचले. मांजर परक्या जागी अन्न का टाकते? कुत्रा माणसाला धरून असतो, मांजर जागेला धरून असते. स्वतःच्या गंधाने ओळखीच्या केलेल्या जागेतून उचलून चार अनोळखी मांजरांच्या वासात नेऊन ठेवले की ते भिते. आणि भ्यालेले मांजर बहुधा ओरडत नाही, ते निमूट बसते. आम्ही ज्याला शांतता समजलो ती भीती होती. स्वित्झर्लंडमधील केसलर आणि टर्नर या संशोधकांनी पाळणाघरांत ठेवलेल्या १४० मांजरांचे निरीक्षण करून १९९७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पहिल्या चार दिवसांत मांजरांचा ताण पुष्कळ उतरतो आणि दोन आठवड्यांत सुमारे दोन तृतीयांश मांजरे चांगली रुळतात. उरलेल्यांना ते जड जाते, आणि शेकडा चार मांजरांना तर ते मुळीच मानवत नाही. म्हणजे ‘रुळेल’ हे मालकांचे म्हणणे बहुतेक मांजरांच्या बाबतीत खरे होते. पण आपले मांजर बहुतेकांतले की उरलेल्यांतले, हे रोज वाटी पाहणाराच सांगू शकतो.

आता जागा कशी पाहावी ते सांगतो. पहिली गोष्ट, आत जाऊ देत नाहीत तेथे मांजर ठेवू नये. आत गेल्यावर दोन पिंजऱ्यांमधली भिंत पाहावी. मांजरांचा सर्दीताप शिंकेच्या तुषारांतून पसरतो. शेजारशेजारच्या पिंजऱ्यांत नुसती जाळी असेल तर एकाची शिंक दुसऱ्याच्या पाण्यात पडते. इंग्लंडमध्ये मांजरांच्या पाळणाघरांना १९६३ च्या कायद्याने परवाना लागू झाला. २०१८ साली तेथे जे नवे नियम आले, त्यांत लागून असलेल्या दोन खणांमध्ये पूर्ण उंचीची भरीव आडभिंत असावी आणि मध्ये मोकळी जागा सोडली असेल तर ती किमान ६० सेंटिमीटर असावी, असे लिहिले आहे. मांजराला चालता, वळता, मागच्या पायांवर उभे राहता आणि उंचावर बसता आले पाहिजे, असेही त्यांत आहे. आपल्याकडील १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा हालचालीस पुरेशी जागा नसलेल्या पिंजऱ्यात प्राणी कोंडणे हा गुन्हा मानतो. पण तुमच्या मांजरासाठी मोजपट्टी घेऊन कोणी अधिकारी यावयाचा नाही. ती तुम्हीच घेऊन जावी.

दुसरी गोष्ट, लपावयास जागा आहे का? हॉलंडमधील उट्रेख्ट येथे एका प्राणी-आश्रयगृहात १९ मांजरांपैकी दहांना लपण्यासाठी खोका दिला, नऊंना दिला नाही. खोका मिळालेली मांजरे लवकर सावरली. हा प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. पुठ्ठ्याच्या एका खोक्याला किती खर्च येतो? तेवढाही जेथे केलेला नाही, तेथे मांजराच्या मनाचा विचार झालेला नाही असे खुशाल समजावे.

तिसरी गोष्ट, नाकाने पाहावे. फिनाईलचा घमघमाट आला की आपण म्हणतो, काय स्वच्छता आहे! परंतु काळ्या फिनाईलमधील द्रव्ये मांजराच्या यकृताला पचवता येत नाहीत. ती पंजांना लागतात, मांजर पंजे चाटते आणि विष पोटात जाते. शिवाय मांजरांच्या पार्व्हो रोगाचा विषाणू जागेवर वर्षभर जगू शकतो. त्यावर मळ धुऊन काढून मग पातळ केलेले ब्लीच वापरावे लागते आणि जागा धुऊन, सुकवून मगच मांजर परत ठेवावे लागते. हे काम मन लावून करावयाचे आहे. बादलीभर पाणी फेकून ते होत नाही. म्हणूनच जे पाळणाघर तुमच्याकडे लसीचा दाखला मागत नाही ते टाळावे. तुमच्याकडे मागितला नाही म्हणजे शेजारच्या पिंजऱ्याकडेही मागितलेला नाही.

आणि आता मुख्य गोष्ट. या सगळ्याला हात लागतात. पिंजरे मोजून झाले की हात मोजावेत. एका मांजराची वाळू बदलणे, वाटी धुणे, पाणी भरणे, आणि ते जेवले का, शिंकते का हे पाहणे, यांस दिवसाकाठी पंधरा मिनिटे धरली तरी तीस मांजरांचे साडेसात तास होतात. त्यात त्या माणसाचे स्वतःचे जेवण आले नाही. तेव्हा सरळ विचारावे, मांजरे किती, माणसे किती? रात्री कोण असते? याची साप्ताहिक सुट्टी असते त्या दिवशी कोण काम करते? सुट्टी नाहीच असे उत्तर आले तर थकलेल्या डोळ्यांना तुमचे मांजर दिसणार नाही हे समजावे. इंग्लंडच्या त्या नियमांनीही पुरेशी व जाणती माणसे असण्याची आणि त्यांच्या शिक्षणाची लेखी व्यवस्था असण्याची अट घातली आहे.

मग जो झाडू मारतो आहे त्याच्याशी दोन शब्द बोलावेत. अमक्या पिंजऱ्यातले मांजर कसे आहे, असे सहज विचारावे. त्याने नाव सांगितले, ‘काल अर्धी वाटी खाल्ली’ असे म्हटले, तर जागा चांगली. तो उत्तर देण्याआधी मालकांच्या तोंडाकडे पाहू लागला, तर पुढच्या खोलीत कितीही चित्रे असोत, परत फिरावे. प्रत्येक पिंजऱ्यावर खाणे, लघवी, शौच यांची रोजची नोंद लटकवलेली असावी. तुमचा फोन नंबरही तेथेच असावा, आणि चोवीस तास मांजर जेवले नाही तर नोंद करणाऱ्यानेच फोन करावा, हे मालकांसमोर ठरवून घ्यावे.

कोणी म्हणेल, अशाने दर वाढतील. वाढतील. पण दर कमी असतो तेव्हा तो कोणाच्या तरी पगारातून, झोपेतून किंवा वाटीतून कमी झालेला असतो. आपण हॉटेलच्या खोलीचे भाडे घासाघीस न करता देतो आणि मांजराच्या पाळणाघरात पन्नास रुपयांसाठी अडून बसतो, हे बरे नव्हे.

थोडे आपल्या कर्तव्याविषयीही. लस देणे जाण्याच्या आदल्या दिवशी उरकू नये. तिला काम करावयास वेळ लागतो. आधी एक रात्र ठेवून पाहावे. घरचेच खाणे आणि न धुतलेले अंथरूण बरोबर द्यावे, कारण त्यात घराचा गंध असतो. कोणत्या डॉक्टरांकडे न्यावे हे लिहून द्यावे. माणसाची तापाची गोळी, पॅरासिटामॉल, मांजराला मारते. ती कोणीही देऊ नये असे ठळक लिहावे. आणि मांजर म्हातारे, आजारी किंवा फार भित्रे असेल तर त्याला हलवूच नये. विश्वासू शेजाऱ्याने दोन वेळा घरी येऊन पाहणे बरे.

यंदाही आम्ही मनीला सहा दिवस बाहेर ठेवले. जागा लहान आहे, भिंतीवर चित्रे नाहीत. सोडून आलो त्या दिवशी रात्री साडेआठला तेथल्या बाईंचा स्वतःहून फोन आला : “दादा, मनी खात नाहीये. घरी वाटीत देता का ताटलीत?” आम्ही म्हटले, ताटलीत. अर्ध्या तासाने पुन्हा फोन आला की खाल्ले. एवढ्यासाठीच आम्ही आपला पाऊण तास घेतला.