पाट्याला टाकी, सिलिकॉनला लेसर



मघाशी पालीत येताना एका पडवीत पाटा भिंतीला टेकवून ठेवलेला दिसला. वापरून पार गुळगुळीत झालेला. पूर्वी अशा पाट्याला टाकी लावायला पाथरवट यायचा. छिन्नीचे बारीक टिचे पडले, की ज्या पाट्यावरून खोबरं नुसतं घसरायचं, त्याच्यावरच वाटप गंधासारखं उतरायचं. दगड तोच, फक्त पाठ बदलली. माझा आजचा विषय हाच आहे. पाटा तेवढा सिलिकॉनचा आणि छिन्नी प्रकाशाची.

या छिन्नीचं नाव फेम्टोसेकंद लेसर. एका सेकंदाचे एकावर 15 शून्यं इतके तुकडे करा, त्यातला एक म्हणजे फेम्टोसेकंद. या लेसरच्या प्रकाशाचा एकेक ठोका, म्हणजे स्पंद, फेम्टोसेकंदांतच मोजावा इतका छोटा. सेकंदाला 3 लाख किलोमीटर धावणाऱ्या प्रकाशाला 100 फेम्टोसेकंदांत केसाची जाडीही ओलांडता येत नाही.

एवढी घाई कशाला? सराईत बाई भाकरी हातानं उलटते, तेव्हा चटका आत पोचायच्या आधीच तिचं बोट निघालेलं असतं. इथंही तेच. प्रकाशाची ऊर्जा आधी इलेक्ट्रॉन घेतात. ती अणूंपर्यंत पोचायला काही हजार फेम्टोसेकंद जातात, तोवर स्पंद संपलेलाही असतो. म्हणून आजूबाजूला फारसं भाजत नाही. घाव नेमका पडतो. असे जोरकस स्पंद घडवण्याची युक्ती 1985मध्ये डोना स्ट्रिकलंड आणि जेरार मुरू यांनी काढली: स्पंद आधी ताणायचा, मग वाढवायचा, शेवटी आवळायचा. 2018चं नोबेल त्यांना यासाठीच मिळालं.

1990च्या दशकात हार्वर्डमध्ये एरिक माझूर यांच्या प्रयोगशाळेत सिलिकॉनची चकती गंधकयुक्त वायूत ठेवून तिच्यावर असे शेकडो स्पंद सोडले गेले. चकचकीत चकती काळीकुट्ट झाली. सूक्ष्मदर्शकाखाली सुरूच्या बनासारखे शंकू दिसले. त्यांच्यात शिरलेला प्रकाश आपटत आपटत आतच मुरतो. पण पाट्याची उपमा इथं तोकडी पडते. पाथरवट पाट्यात मसाला भरत नाही. ही छिन्नी घाव घालता घालता सिलिकॉनमध्ये गंधक कोंबते, एरवी मावेल त्याच्या कितीतरी पट. त्यामुळे इलेक्ट्रॉनांना मधली पायरी मिळते, आणि एरवी सिलिकॉनमधून आरपार जाणाऱ्या अवरक्त प्रकाशावरही वीज खेळू लागते.

आपल्या मुंबईतही, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, जी. रवींद्र कुमार आणि सहकाऱ्यांनी 2003मध्ये पाठीचाच महिमा दाखवला. गुळगुळीत तांब्यापेक्षा तांब्याच्या नॅनोकणांचा लेप दिलेल्या पृष्ठावर तसेच स्पंद मारले, तर क्ष-किरण 13 पट निघाले.

टाकी लावल्यावर पहिलं वाटप टाकून द्यावं लागतं, त्यात कच असते. काळ्या सिलिकॉनमध्येही घावांचे दोष राहतात, ते घालवायला त्याला तापवावं लागतं. ताप कमी पडला तर दोष उरतात. जास्त झाला तर अवरक्त शोषण्याची मिळवलेली ताकद ओसरते. नेमकं किती तापवायचं, यावर प्रयोगशाळांतून बराच खल झाला आहे. पाटा म्हटला की खल आलाच!