धर्माची सायकल आणि ब्रेक का नाय?

मी आपल्या माणदेशातलीच, बचतगटांची समन्वयक. एरवी मी तुमच्याशी हप्ते, व्याज, बँकेची कागदपत्रं यावर बोलते. आज सायकलीवर बोलणार आहे.

ऐकता ऐकता जरा आठवून बघा. तुमच्या घरामागं, गोठ्याच्या भिंतीला टेकलेली किंवा कडब्याच्या गंजीआड एखादी सायकल पडून आहे का? घरात मोटरसायकल आली, पोरगं कामाला पुण्याला गेलं, आणि सायकल तिथंच राहिली. टायर बसलेत, सीटवर कोंबडी बसते. विकावी तर भंगारवाला शे-दोनशे देतो, म्हणून विकतही नाही.

अडीच वर्षांपूर्वी आम्ही गटाच्या बैठकीत सहज मोजणी केली. आमच्या वाडीतल्या दोन आळ्यांत अशा अकरा सायकली निघाल्या. आणि त्याच आळीत एक पोर शाळा सोडायच्या बेतात होती. सातवीपर्यंतची शाळा वाडीत आहे. आठवीला हायस्कूल गाठायचं तर साडेचार किलोमीटर. शाळेच्या वेळेला सोयीची गाडी नव्हती. वडील अंथरुणाला खिळलेले, आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. आई म्हणाली, "ताई, रोज नऊ किलोमीटर चालून पोर अभ्यास कवा करायची? ऱ्हाऊ दे घरात, माझ्यासंगं येईल रानात."

तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर तीन सायकली गंजत होत्या. मला वाटलं, किती सोपं काम आहे हे! आणि सोपं समजले म्हणूनच माझ्या हातून चूक झाली. आज ती चूकच तुम्हाला सांगायची आहे.

त्या तीन सायकलींतली एक लेडीज सायकल आम्ही मागून घेतली. रविवारी चौघीजणी बसलो. रॉकेल लावून गंज काढला, साबणानं धुतली, पंक्चर काढून आणलं. मी हौसेनं तेलाचा बोळा घेतला आणि सगळीकडं फिरवला. चेनला लावला, पायडलला लावला, आणि चाकाची रिम चकाकावी म्हणून रिमलाही लावला. सायकल नव्यासारखी दिसायला लागली. मग ग्रामपंचायतीसमोर छोटा कार्यक्रम केला. हार घातला, नारळ फोडला, पोरीला आणि तिच्या आईला मधे उभं करून फोटो काढला. तो फोटो गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला. सगळ्यांनी हात जोडले, फुलं पाठवली. मला फार बरं वाटलं.

पाचव्या दिवशी ओढ्याच्या उतारावर पोर पडली. ब्रेक लागलाच नाही. उजव्या हाताचं मनगट मोडलं. सव्वा महिना प्लास्टर.

मी भेटायला गेले. आईनं चहा केला, पण नेहमीसारखं बोलेना. शेवटी पोरच म्हणाली, "ताई, ब्रेक लागत न्हाई हे मला दुसऱ्याच दिशी कळलं हुतं." मी म्हटलं, "अगं मग सांगायचं नाही का?" तशी आई बोलली, "कसं सांगायचं? समद्या गावानं फोटो बघितला. त्यात आन् आमी म्हनायचं का, ब्रेक न्हाई म्हनून? धर्माची गाय आन् दात का गं न्हाय, असं झालं असतं. म्हनून म्या तिला गप ऱ्हा म्हनलं."

मैत्रिणींनो, ही म्हण आपण सगळ्याच वापरतो. कुणी फुकटात मिळालेल्या वस्तूला नाव ठेवलं की आपण हसून म्हणतो. पण त्या दिवशी ती म्हण घेणाऱ्या बाईच्या तोंडून ऐकली आणि माझी मान खाली गेली. गाईला दात नसतील तर दूध कमी येईल. सायकलीला ब्रेक नसेल तर पोराचा जीव जाईल. आणि ज्या माणसाला आपण फुकट देतो, हार घालून देतो, त्याचं तोंड आपण बंद करतो, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

मग मी बाजारगावच्या सायकलवाल्या काकांकडं गेले. पस्तीस वर्षं त्यांचं दुकान आहे. ते सायकल बघून म्हणाले, "बाई, ब्रेकचं रबर झिजून गुळगुळीत झालंय, आणि वर रिमला तेल! धरंल कुठं?" म्हणजे पोर पडली त्यात तिची काहीच चूक नव्हती. चूक माझ्या तेलाच्या बोळ्याची होती. हे मी पोरीच्या आईला जाऊन सांगितलं. गटाच्या बैठकीतही सगळ्यांसमोर सांगितलं. कारण तोवर वाडीत बोललं जात होतं की पोरीला सायकल नीट चालवता येत नाही.

त्या काकांकडं आम्ही चौघी पाच रविवार शिकायला गेलो. दुकानावर बायका बसलेल्या बघून लोक थांबून बघायचे. काका म्हणायचे, "बघू द्या. पाना हातात धरा." तिथं जे शिकलो त्यातलं कामाचं तेवढं सांगते.

पहिला ब्रेक. ब्रेक रबरावरच्या खाचा झिजल्या असतील तर रबर बदला, दुसरा विचार करू नका. पुढचा ब्रेक दाबा आणि सायकल पुढं ढकला. पुढचं चाक फिरता कामा नये. मग मागचा ब्रेक दाबून तसंच बघा. ब्रेक दाबताना त्याची दांडी हँडलला टेकत असेल तर तार सैल आहे, ती ओढून घ्या. आणि तेल चेनला. रिमला तेलाचा थेंबही नको. चुकून लागलं तर साबणाच्या पाण्यानं धुऊन कोरडी करा.

दुसरं टायर. सायकल वर्षानुवर्षं बसल्या टायरवर उभी राहिली की टायरला बाजूनं चिरा पडतात. असा टायर हवा भरली की चांगला दिसतो आणि रस्त्यात फुटतो. तो बदलायचाच. पंक्चर काढताना ट्यूब पाण्यात धरून बुडबुडे बघायचे, तिथं खूण करायची, कोरडं करून पॉलिश पेपरनं घासायचं. सोल्यूशन लावल्यावर लगेच ठिगळ लावायचं नाही, सोल्यूशन सुकू द्यायचं. आणि ट्यूब परत घालायच्या आधी टायरच्या आतून हळूच बोटं फिरवायची. आपल्याकडं बाभळीचा काटा आणि सराटा. तो आत राहिला तर घरी पोचायच्या आत दुसरं पंक्चर.

तिसरी चेन. मधोमध बोटानं दाबली तर साधारण अर्धा इंच हलावी. जास्त सैल असेल तर उतरते, फार ताठ असेल तर ओढते. चेनकव्हर नसलेली सायकल मुलीला किंवा बाईला देऊ नका. ओढणी, परकर, साडीचा काठ, काहीही अडकतं.

चौथं, पायडल मारताना कटकट आवाज आला तर कॉटर पिन बघा. सैल पिन निसटली की चढावर पाय घसरतो. आणि सीट एवढी खाली करा की बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकतील. नवशिकीला हाच मोठा धीर असतो.

सगळ्यात महत्त्वाचं, चौकट चिरली असेल किंवा पुढचा चिमटा वाकला असेल तर ती सायकल कुणालाही देऊ नका. तिचे चांगले भाग काढून घ्या आणि बाकीची भंगारात घाला. आमच्या अकरापैकी तीन अशाच निघाल्या. त्यांचीच पायडलं, स्टँड, कॅरिअर बाकीच्यांना लागली.

पैशाचं विचाराल. गटाच्या बचतीला आम्ही हात लावला नाही. बैठकीला उशिरा येणारीचा दंड असतो ना, तो साठलेला होता. त्यात भंगाराचे पैसे घातले. दोन्ही टायर-ट्यूब, चेन आणि ब्रेक रबर बदललं त्या सायकलीला बाराशे रुपये लागले. नुसतं ग्रीस, ब्रेक रबर आणि पंक्चरवर भागलं तिला दोनशेच्या आत. गावातल्या सायकली संपल्यावर पुण्यात कामाला असलेल्या आपल्याच माणसांनी सोसायटीच्या पार्किंगमधल्या जुन्या सायकली मिळवल्या. बाजाराला माल सोडून रिकाम्या येणाऱ्या टेम्पोतून त्या आल्या. पण एक पथ्य पाळा. मालकाकडून दोन ओळींची चिठ्ठी घ्या की सायकल राजीखुशीनं दिली. उद्या कुणी चोरीचा संशय घ्यायला नको.

आता देण्याची रीत. आम्ही तीन गोष्टी बदलल्या.

एक, फोटो नाही, हार नाही, कार्यक्रम नाही. ज्या घरी द्यायची त्या घरी संध्याकाळी जायचं आणि पोरीला आधी चालवून बघायला सांगायचं. तिनं म्हटलं पाहिजे, "ताई, हे हे नीट करा." काहीच म्हणाली नाही तर आम्हीच विचारतो, "खोड काढ, खोड काढल्याशिवाय सायकल मिळणार नाही."

दुसरं, महिन्याच्या पहिल्या रविवारी शाळेच्या पटांगणात आम्ही पंप, पाने, तेल घेऊन बसतो. कुणाचीही सायकल चालते, दिलेलीही आणि विकत घेतलेलीही. दुकानदाराचं पोरगं रांगेत असतं, तशीच खुरपणीला जाणाऱ्या बाईची पोर असते. कुणाची सायकल दानाची, हे बघणाऱ्याला कळत नाही.

तिसरं, ज्याला सायकल मिळाली त्यानं काहीतरी परत करायचं, पण पैशानं नाही. कुणी रविवारी हाताखाली थांबतं, कुणी नव्या मुलीला मागं धरून चालवायला शिकवतं. त्यानं देणं-घेणं बरोबरीचं होतं. मग तोंड उघडायला लाज वाटत नाही.

ही अक्कल आपल्यालाच आली असं नाही. तामिळनाडूत पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९० नंतरच्या वर्षांत साक्षरतेच्या चळवळीबरोबर बायकांना सायकल शिकवली गेली. शेतमजूर, खाणीत खडी फोडणाऱ्या, गावातल्या आरोग्य परिचारिका, अशा हजारो बायका शिकल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिलं आहे. लेडीज सायकली कमी पडल्या तेव्हा त्या बायकांनी पुरुषांच्या दांडीच्या सायकली घेतल्या, आणि काहींना त्याच बऱ्या वाटल्या, कारण पुढच्या दांडीवर पोराला बसवता येतं. बिहारमध्ये २००६ पासून नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे मिळू लागले. अभ्यासकांनी नंतर तपासलं तेव्हा नववी-दहावीत मुलींचं प्रमाण वाढलेलं दिसलं, आणि ते जास्त करून शाळा तीन किलोमीटरपेक्षा लांब असलेल्या गावांत. म्हणजे अडचण पोरींच्या डोक्यात नव्हती, रस्त्याच्या लांबीत होती. आपल्या महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून काही तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी मदत मिळते. आपला तालुका त्यात आहे का, हे शाळेत मुख्याध्यापकांना जरूर विचारा. हक्काचं मिळत असेल तर ते आधी घ्या.

आजवर आमच्या चौदा सायकली रस्त्यावर आल्या. सगळ्याच यशाच्या गोष्टी नाहीत. एक पोर चार महिन्यांनी लग्न होऊन गेली, सायकल परत आली. एका घरात सायकल भावानंच घेतली, बहीण आजही चालत जाते. तिच्या घरी आम्ही दोनदा जाऊन आलो, तिसऱ्यांदा जाणार आहोत.

आणि ती पहिली पोर? प्लास्टर निघाल्यावर तिची आई सायकल घेऊन माझ्या अंगणात आली. मला वाटलं, परत करायला आली. ती म्हणाली, "ताई, आता रबर नवं घाला. आन् म्या सोता दाबून बघनार." तिनं उतारावर जाऊन दोन्ही ब्रेक दाबून बघितले, तीन वेळा. मागचा सैल आहे म्हणाली. तो ओढून घेतला. मगच पोरीला बसू दिलं. पोर यंदा दहावीला आहे. पहिल्या रविवारी ब्रेक तपासायचं काम तिच्याकडं असतं, आणि ती कुणाची गय करत नाही.

तेव्हा आजचं बोलणं संपलं की घरामागं जाऊन ती सायकल बाहेर काढा. धुवा, पुसा, ब्रेक दाबून बघा. आणि देताना घेणारीला एवढंच सांगा, "बाई, दात मोजून घे." पुढच्या महिन्यात पुन्हा भेटू.