संशोधनाची वाट आणि वाटखर्च

गावातली एखादी मुलगी एम. ए. झाली की पारावर दोन प्रश्न निघतात. नोकरी कधी आणि लग्न कधी? ती पीएच. डी. करणार म्हणाली तर तिसरा निघतो, "आणि तोवर खायचं काय?" शिकलेली माणसे या प्रश्नाला हसतात. मला तो फार शहाणपणाचा वाटतो.

खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना तो चुकला नाही. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली, म्हणून ते कोलंबियाला गेले. १९१७ साली मुदत सरली आणि लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. मुंबईत प्राध्यापकी करून पैसे साठवले, मित्राकडून कर्ज काढले, आपल्या शाहू महाराजांनी हात दिला, तेव्हा कुठे १९२० साली ते पुन्हा लंडनला जाऊ शकले.

आज सोय पुष्कळ आहे. पण प्रवेश वेगळा आणि पैसा वेगळा, हे ध्यानात ठेवावे लागते. मी ते उशिरा शिकलो. शाहूवाडीकडच्या माझ्या एका विद्यार्थ्याला गुऱ्हाळांच्या अर्थकारणावर काम करायचे होते. विषय नामी! मीच म्हणालो, "आधी नाव नोंदव, पैशाचं पुढं बघू." पुढे कुणीच बघितले नाही. दुसऱ्या वर्षी तो गुळाच्या अडतीवर हिशेब लिहू लागला. आज तो एकतीस वर्षांचा आहे.

वय मुद्दाम सांगितले. यूजीसीच्या नेट परीक्षेतून जेआरएफ ही अधिछात्रवृत्ती मिळते. तिला खुल्या गटात तीस वर्षांची मर्यादा आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि इतर मागासवर्ग यांना पाच वर्षांची सवलत आहे. २०२३ पासून ती दरमहा ३७,००० रुपये आहे, दोन वर्षांनी ४२,००० होते. परीक्षा वर्षातून दोनदा असते आणि एम. ए.च्या शेवटच्या वर्षातही देता येते. तेव्हाच द्यावी!

ती हुकली तर राज्याच्या संस्था आहेत. मराठा-कुणबी मुलांसाठी सारथी, अनुसूचित जातींसाठी बार्टी, इतर मागासवर्ग व भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती. इथे क्रम उलटा, आधी विद्यापीठातली नोंदणी आणि मग अर्ज. जाहिरातीवर डोळा ठेवावा आणि नोंदणीचे पत्र, जातीचा दाखला आधीच जपून ठेवावा. तलाठ्याकडे ऐनवेळी धावू नये.

शिक्षक बंधुभगिनींनो, पगार आणि अधिछात्रवृत्ती दोन्ही एकदम मिळत नाहीत. नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएच. डी. करता येते, त्याला संस्थेचे ना-हरकत पत्र लागते.

राहिला मार्गदर्शक. साध्या सहायक प्राध्यापकाला एका वेळी चारच विद्यार्थी घेता येतात, प्राध्यापकाला आठ. म्हणून जागा आहे का, हे आधी विचारावे. शोधगंगा या संकेतस्थळावर देशभरचे प्रबंध फुकट वाचायला मिळतात. त्यांच्या हाताखाली झालेले दोन प्रबंध वाचावेत आणि मग पानभर पत्र लिहावे. मला काय शोधायचे आहे, ते कुठे शोधणार आणि तुमच्याकडेच का आलो, एवढेच त्यात असावे. "आपला आज्ञाधारक"ने पान भरू नये. त्या गुऱ्हाळवाल्या विद्यार्थ्याचे पत्र मी गेल्या आठवड्यात पुन्हा लिहवून घेतले आहे, या वेळी सारथीच्या जाहिरातीची तारीख शेजारी ठेवून.