आधी केलेली तालीम



लंडनच्या दुमजली बसचा चालक दिवसभर बसून असे. वाहक तिकिटे देत जिना चढउतार करी. डॉ. जेरी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली ‘लॅन्सेट’मध्ये या दोघांची तुलना प्रसिद्ध केली. वाहकांना हृदयविकार कमी होई, आणि झालाच तर तो सौम्य असे. आम्हांला यातली दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. घाव टळणे निराळे आणि घाव बसूनही तगणे निराळे.

मुळात सडसडीत माणसेच वाहक होत असतील, ही शंका रास्तच होती. १९५६ साली याच मंडळींनी गणवेशांची मापे तपासली, तो चालकांच्या विजारी कमरेला अधिक रुंद निघाल्या! (शिंप्याच्या मापांचा शास्त्राला असा उपयोग क्वचितच झाला असेल.)

मग १९८६ साली अमेरिकेत मरी, जेनिंग्ज व रायमर यांनी कुत्र्यांच्या हृदयाची रक्तवाहिनी ५-५ मिनिटे चारदा बंद करून सोडली आणि नंतर ४० मिनिटे बंद ठेवली. अशी तालीम न मिळालेल्या हृदयांच्या मानाने मेलेला स्नायू सुमारे चौथा हिस्साच भरला. व्यायाम हीही अशीच सौम्य तालीम असावी. आधी पळविलेल्या उंदरांचे हृदय आणि मेंदू, दोन्ही रक्त तुटल्यावर कमी बिघडतात.

पण पळणे थांबले की उंदरांच्या हृदयाचे हे कवच काही आठवड्यांतच ओसरते. माणसाचा हिशेब उंदरावरून सरळ मांडता येत नाही, हे खरे. तरी कॉलेजातल्या जोरबैठकांवर पन्नाशीत विसंबणाऱ्या गृहस्थांची आम्हांला काळजी वाटते.