आक्रांतांची शस्त्रे आणि शांततेच्या अटी
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



आक्रमणास तोंड देणाऱ्या देशाला शस्त्रे द्यावीत की वाटाघाटींचा आग्रह धरावा, हा वाद समाजवादी चळवळीला नवा नाही. १९३६ साली स्पेनच्या लोकनियुक्त सरकारविरुद्ध सेनानींनी बंड केले, तेव्हा ब्रिटन व फ्रान्स यांनी हस्तक्षेप न करण्याचा करार पुढे केला. जर्मनी व इटली त्या करारात सामील झाले आणि फ्रँकोला विमाने व सैनिकही पुरवीत राहिले. १९३९ मध्ये प्रजासत्ताक कोसळले. त्या तटस्थतेने युद्ध थांबले नाही. तिचा लाभ मात्र आक्रमकाच्या पदरात पडला.

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर चढाई केल्यावर तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला. १९९४ च्या बुडापेस्ट करारान्वये युक्रेनने आपल्या भूमीवरील अण्वस्त्रे सोडून दिली होती. त्या बदल्यात त्याच्या सीमांचा मान राखण्याचे आश्वासन रशिया, अमेरिका व ब्रिटन यांनी दिले होते. २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया गिळंकृत केला. त्यानंतर मिन्स्क येथे दोनदा समझोते झाले, तरी डोनबासमधील तोफा थांबल्या नाहीत. नाटोच्या पूर्वेकडील विस्ताराची रशियाला चिंता वाटत असेल. पण तेवढ्याने कीववर रणगाडे धाडण्याचे समर्थन होत नाही. ज्याच्या घरावर दरोडा पडला आहे, त्याच्या हातातील काठी काढून घेऊन त्याला सामोपचाराचा उपदेश करणे ही शांततावादाची विटंबना होय.

तथापि शस्त्रे देणारा दाता धर्मात्मा असतो, असेही नव्हे. शस्त्रांच्या कारखानदारांना लांबलेले युद्ध लाभदायकच असते. ३० एप्रिल २०२५ रोजी अमेरिकेने युक्रेनशी खनिजसंपत्तीविषयी करार केला. मदतीमागोमाग हिशेबाची वही येते, ती अशी. दुसरीकडे, आघाडीवर मरतात ती दोन्ही बाजूंच्या कामकऱ्यांची व शेतकऱ्यांची मुले. म्हणून वाटाघाटींची मागणी करणाऱ्याला भेकड वा फितूर ठरविणे अन्यायाचे आहे.

शस्त्रे आणि वाटाघाटी यांत एकाचीच निवड करावी लागते, हे गृहीतकच मुळात तपासले पाहिजे. जुलै २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रे व तुर्कस्तान यांच्या मध्यस्थीने काळ्या समुद्रातील धान्यवाहतुकीचा समझोता झाला. युद्ध चालू असतानाच वर्षभरात सुमारे ३ कोटी ३० लाख टन धान्य व अन्य खाद्यपदार्थ बाहेर पडले. युद्धकैद्यांची अदलाबदलही वेळोवेळी झाली. प्रतिकार करणारा देशही बोलणी करू शकतो. किंबहुना जो उभा आहे, त्याच्याशीच बोलावे लागते. आडवा पडलेल्यावर अटी लादल्या जातात.

भारतापुरते बोलायचे तर २ मार्च २०२२ रोजी आमसभेत १४१ राष्ट्रांनी आक्रमणाचा धिक्कार केला. ५ विरोधात गेली आणि ३५ तटस्थ राहिली, त्यांत भारत होता. युद्धापूर्वी भारताच्या खनिज तेलाच्या आयातीत रशियाचा वाटा २ टक्क्यांच्या आसपास होता. २०२३ मध्ये तो एक तृतीयांशाहून अधिक झाला. गरीब देशाने स्वस्त तेल घेणे समजण्यासारखे आहे. परंतु त्या व्यवहाराला अलिप्ततावादाचे नाव देऊ नये. १९५६ मध्ये सुएझवरील आक्रमणाचा नेहरू सरकारने तत्काळ निषेध केला, पण हंगेरीतील सोव्हिएत रणगाड्यांविषयी ते चाचरले. या दुहेरी मापावर जयप्रकाशजींनी परखड टीका केली. समाजवाद्यांचा वारसा तो आहे.

त्या वारशाला धरून तीन मागण्या निघतात. आक्रांत देशाला आत्मरक्षणाची साधने मिळावीत, आणि त्यांच्या मोबदल्यात त्याची भूमी वा खनिजे गहाण पडू नयेत. वाटाघाटींचे दार प्रत्येक दिवशी उघडे असावे, आणि त्या बैठकीत आक्रांत देशाची खुर्ची पहिली असावी. त्याच्या पाठीमागे दोन महासत्तांनी केलेला सौदा हा तह नव्हे. आणि किती काळ लढायचे, कशावर तडजोड करायची, याचा निर्णय ज्यांची घरे जळाली त्या जनतेचाच असावा. तो हक्क वॉशिंग्टनला नाही, मॉस्कोला नाही आणि दूर सुरक्षित बसून ठराव करणाऱ्या कोणत्याही पक्षालाही नाही.