जंतूचं कुलूप आणि आपली पुडी



पहिल्या पावसात रानातून उठणारा वास मुख्यतः मातीतल्या स्ट्रेप्टोमायसीस जंतूंचा. १९४३ साली अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात अल्बर्ट शाट्झ यांनी यातल्याच एका जंतूपासून स्ट्रेप्टोमायसीन मिळवलं. क्षयावर लागू पडलेलं हे पहिलं प्रतिजैविक. तो जंतू भरपूर खत घातलेल्या शेताच्या मातीत सापडला!

हा जंतू औषध सदासर्वकाळ करीत नाही. कृती जनुकांत असते, पण तिच्यावर एका प्रथिनाचं कुलूप असतं. प्रत्येक जंतू 'ए-फॅक्टर' नावाचा पदार्थ थोडाथोडा सोडतो. दाटी झाली की तो साठतो, कुलपाला चिकटतो, कुलूप सुटतं. मग एकामागून एक जनुकं चालू होतात. औषध तयार होतं, आणि त्यापासून स्वतः वाचायची ढालही. ढाल नसती तर जंतू आपल्याच औषधानं मेला असता.

आता शिवारात पाहा. कपाशीच्या पानावर ठिपका दिसला की पुडी पंपात! ठिपका बुरशीचा असेल, तर त्यावर स्ट्रेप्टोमायसीनचा उपयोग शून्य. पैसा जातो, आणि फवाऱ्याखाली ढालवाले जंतूच उरतात. ढालीची जनुकं एका जंतूकडून दुसऱ्याकडे जातात. मग आजारी माणसाला तेच औषध लागू पडत नाही.

म्हणून आम्ही सांगतो: आधी रोग ओळखा. निरोगी बियाणं पेरा, रोगट पऱ्हाट्या रानात ठेवू नका. जंतूसुद्धा वेळ पाहून कुलूप काढतो. आपण न पाहता पुडी का फोडायची?