मिठाची वाट : आगरवाड्यापासून घाटमाथ्यापर्यंत



मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३५२ मध्ये सहारा वाळवंटातील तगाझा या गावी पोहोचला. तेथे घरांच्या आणि मशिदीच्या भिंती मिठाच्या लाद्यांच्या होत्या. छपरे उंटांच्या कातड्यांची. झाड औषधालाही नव्हते. मिठाचा जो बोजा वलाता येथे आठ-दहा मिस्काल सोन्याला विकला जाई, त्यालाच पुढे माली राज्याच्या राजधानीत वीस-तीस, प्रसंगी चाळीस मिस्काल पडत. हाच प्रवासी त्यापूर्वी आठ-नऊ वर्षे होनावरच्या सुलतानाच्या मोहिमेत ‘संदाबूर’वर, म्हणजेच आपल्या गोव्यावर, चालून आला होता. इथले मीठ त्याच्या पानात पडले असेलच.

गोव्याला वाळवंट नाही, पण मिठाची वाट मात्र होती. पेडणे महालात शापोरा नदीच्या काठी आगरवाडा आहे. गावाच्या नावातच ‘आगर’ आहे. पावसाळा सरला की बांध नीट करावयाचे, भरतीचे खारे पाणी मानशीतून आत घ्यावयाचे, वाफ्यांवाफ्यांतून फिरवून उन्हावर आटवावयाचे. शेतकऱ्याचे भात पिकते, तसे मिठगावड्याचे मीठ ‘पिकते’. वळवाची एक सर महिन्याभराचे कष्ट विरघळवून टाकते. डिचोली महालात मिठागर नाही, परंतु साखळीच्या बाजारपेठेपर्यंत होड्या येत आणि तेथून गोणी लादलेले बैलांचे तांडे घाट चढत. परतताना त्याच पाठींवर घाटावरचे धान्य असे. सोने नव्हे, पण पोट भरलेल्यानेच सोन्याची थोरवी सांगावी!

या वाटेचे मोल शिवाजी महाराजांनी ओळखले होते. १६७१ मध्ये कुडाळचे अधिकारी नरहरी आनंदराव यांना पाठविलेल्या पत्रात महाराजांनी पोर्तुगीजांच्या बारदेशातील मिठाचा विषय काढला आहे. ते मीठ स्वस्त, म्हणून व्यापारी तिकडेच वळत आणि संगमेश्वराकडील मीठ पडून राही. तेव्हा बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवावी, म्हणजे ते महाग पडेल, अशी आज्ञा झाली. आपल्या मुलखातील मीठ विकले जावे यासाठी राज्यकर्त्याने इतका बारीक विचार करावा, हे आजच्या अर्थशास्त्राच्या अध्यापकांनीही मुद्दाम वाचावे असे आहे.

पुढे डिचोली १७८० च्या दशकाच्या आरंभी आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीजांकडे गेले. खरा घाव मात्र त्यानंतर नव्वद वर्षांनी बसला, आणि तोही लिस्बनमध्ये. २६ डिसेंबर १८७८ च्या तहाने गोव्याच्या मिठावर ब्रिटिशांचे नियंत्रण आले. बदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाला ४ लाख रुपये मिळू लागले. ज्याने ते पिकविले, त्याच्या घरात मीठ महाग झाले. दारी समुद्र असून मिठाला मोताद होण्याची ही तऱ्हा! कित्येकांनी आगर सोडून मुंबईची वाट धरली. मुरगावची रेल्वे त्याच दशकात घाट चढली आणि तांड्यांचे कामही आटले. १८९२ मध्ये तहाची मुदत संपली. गेलेली माणसे आणि मोडलेले बांध तहाबरोबर परत आले नाहीत.

आगरवाड्यात आजही काही आगरे तग धरून आहेत. पाऊस उघडला की तेथे चिखल तुडवून वाफ्यांचा तळ घट्ट करण्याचे काम सुरू होते.